विश्लेषण : फोन तुमचा, सही कंपनीची! जुनी आवृत्ती परत का बसवता येत नाही?

‘अपडेट मारल्यापासून फोन बिघडला, आधीसारखा करून द्या.’ केज तालुक्यातील नांदूरघाटपासून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकापर्यंत कोणत्याही मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर ही मागणी हमखास ऐकू येते. पडदा फुटला तर नवा बसतो, बॅटरी बदलता येते, चार्जिंगची पिन बसवायला फारसा वेळ लागत नाही. हे ‘आधीसारखे’ करणे मात्र बहुतेक वेळा कारागिराच्या हातातच नसते. तो कितीही हुशार असला, त्याच्याकडे कितीही महागडी यंत्रे असली तरी नसते. कारण हा प्रश्न हुशारीचा नाही, परवानगीचा आहे. आणि ती परवानगी हजारो किलोमीटरवरच्या एका सर्व्हरकडून मिळते. ज्यांनी वेळेवर ही परवानगी मागून, काही किलोबाइटची एक फाइल जपून ठेवली, त्यांच्यापैकी काहींचा फोन आधीसारखा होतो. बाकीच्यांना पुढच्या अपडेटची वाट पाहावी लागते, नाहीतर नव्या फोनची.

शहरात दोन-तीन वर्षे वापरून झालेले आयफोन आज भाऊ, भाचा, मेहुणा असा प्रवास करीत मराठवाड्यातील गावोगावी पोहोचतात. फोन आधीच वापरलेला, बॅटरी आधीच थकलेली. नव्या आवृत्तीचा भार सर्वांत आधी जाणवतो तो अशाच फोनला. म्हणून ही भानगड फक्त संगणकवेड्यांची राहिलेली नाही.

‘सही’ म्हणजे नेमके काय?

फोनमध्ये आपण टाकतो ती अ‍ॅप. त्यांच्याखाली असते ती फोन सुरू करणारी, कॅमेरा, नेटवर्क आणि पडदा चालवणारी मूळ प्रणाली, म्हणजे फर्मवेअर. हे फर्मवेअर कंपनीचेच आहे, वाटेत कुणी त्यात फेरफार केलेला नाही, हे ओळखण्यासाठी कंपनी त्यावर डिजिटल सही करते. ती सही तपासण्याची किल्ली कारखान्यातच चिपमध्ये कोरलेली असते. ती पुढे बदलता येत नाही. फोन सुरू होताना पहिला तुकडा दुसऱ्याची सही तपासतो, दुसरा तिसऱ्याची. मध्ये कुठे सही जुळली नाही की फोन तिथेच थांबतो.

इथपर्यंत बहुतेक सगळ्या फोनची गोष्ट सारखीच आहे. अ‍ॅपलने जून २००९ मध्ये आयफोन ३जीएस आणला तेव्हा त्यात एक पायरी वाढवली. प्रत्येक चिपला स्वतःचा एक क्रमांक असतो, त्याला ईसीआयडी म्हणतात. संगणकाला जोडून फोनमध्ये नव्याने प्रणाली भरायची असेल तर संगणक आधी अ‍ॅपलच्या सर्व्हरला विचारतो : ‘या क्रमांकाच्या, या मॉडेलच्या फोनवर ही आवृत्ती बसवू का?’ सर्व्हर हो म्हणाला तर फक्त त्या फोनपुरती, फक्त त्या आवृत्तीपुरती सही केलेली पावती पाठवतो. ती फोनला मिळाली तरच काम पुढे सरकते. या पावतीला तंत्रज्ञ एसएचएसएच ब्लॉब म्हणतात. आपण पावतीच म्हणू.

बीडकरांना हे समजायला उसाचे उदाहरण पुरे. कारखान्याची तोडणीची चिठ्ठी एका शेतकऱ्याच्या नावावर, त्याच्याच उसासाठी निघते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आपला ऊस गव्हाणीत पडत नाही. आणि चिठ्ठीच नसेल तर उसाला कितीही उतारा असो, गाडी काट्यावर घेत नाहीत. आयफोनची पावती अशीच आहे. तुमच्या भावाच्या फोनची पावती, अगदी तेच मॉडेल आणि तोच रंग असला तरी, तुमच्या फोनला चालत नाही.

सुरुवातीला या व्यवस्थेत एक मोठी फट होती. एकदा मिळालेली पावती पुन्हा पुन्हा वापरता येत असे. २०११ मध्ये आयओएस ५ बरोबर अ‍ॅपलने ती फट बुजवली. आता फोन दर वेळी एक आकडा काढतो, त्याला नॉन्स म्हणतात. पावतीवर तोच आकडा असेल तरच ती खरी. चिठ्ठीवर तारीख घालावी तसे हे झाले. तेव्हापासून पावती जपणाऱ्यांना पावतीसोबत तो आकडा, किंवा आकडा जिच्यातून तयार होतो ती बीजसंख्या, हेही जपावे लागते.

खिडकी किती दिवस उघडी असते?

नवी आवृत्ती आली की मागच्या आवृत्तीवरच्या सह्या अ‍ॅपल साधारण एक-दोन आठवड्यांत बंद करते. कधी त्याहून लवकर, कधी उशिरा. तारीख आधी जाहीर होत नाही. त्या दिवसानंतर सर्व्हरला विचारले तर उत्तर ‘नाही’ असेच येते. जुन्या आवृत्तीची फाइल इंटरनेटवर असते, तुमच्या संगणकावर असते, तिच्यावर कंपनीची मूळ मोहोरही असते. पण तुमच्या फोनच्या नावाची पावती मिळत नाही आणि म्हणून ती बसत नाही.

मागे येण्याची वाट उघडी असणे किती मोलाचे असते हे खुद्द अ‍ॅपलनेच एकदा दाखवून दिले आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी कंपनीने आयओएस ८.०.१ दिले आणि आयफोन ६ व ६ प्लस या तेव्हा नव्याकोऱ्या फोनचे नेटवर्क गेले, बोटाच्या ठशाने फोन उघडणेही बंद पडले. तासाभरात कंपनीने ते अपडेट मागे घेतले. मग ग्राहकांना सांगितले काय? संगणकाला फोन जोडा आणि आयओएस ८ पुन्हा भरा. ते शक्य झाले, कारण ८.० वरच्या सह्या अजून चालू होत्या. दुसऱ्या दिवशी ८.०.२ आले आणि प्रकरण मिटले. हेच नुकसान तीन आठवड्यांनी लक्षात येणारे असते तर? फोन हळू पडणे, बॅटरी दुपारीच संपणे, असे बिघाड तासाभरात कळत नाहीत. महिना-दीड महिना वापरल्यावर लोकांच्या ध्यानात येतात, आणि तोवर खिडकी बंद झालेली असते.

जानेवारी २०१८ मध्ये तर गंमतच झाली. काही तासांसाठी अ‍ॅपलच्या सर्व्हरने कित्येक जुन्या, कधीच्या बंद झालेल्या आवृत्त्यांवर पुन्हा सह्या द्यायला सुरुवात केली. बातमी पसरेपर्यंत त्या पुन्हा बंदही झाल्या. म्हणजे जुन्या आवृत्तीवर सही करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड अजिबात नाही. आयफोन ५एसच्या काळातील काही उपकरणांसाठी आयओएस १०.३.३ वर अ‍ॅपल कितीतरी वर्षे सही देत राहिले, तेही कुणाचे काही बिघडले नाही. सही द्यायची की नाही हा निव्वळ कंपनीचा निर्णय आहे.

पावत्या जमवायला यंत्र कशाला हवे?

कारण माणसाला ते जमत नाही. जुनी आवृत्ती लागेल हे आपल्याला नवी बिघडल्यावर कळते, आणि पावती मात्र त्याआधी मागून ठेवावी लागते. विम्याचा हप्ता आजारी पडण्याआधी भरावा लागतो, तसेच. हप्ता आपण विसरू नये म्हणून बँक आपोआप कापून घेते. इथेही तीच युक्ती लागते.

ही युक्ती पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर अमलात आणली ती जे फ्रीमन या कॅलिफोर्नियातील प्रोग्रामरने. ‘सौरिक’ या नावाने तो ओळखला जातो. ‘सिडिया’ हे त्याचे अ‍ॅप-दुकान अ‍ॅपलची बंधने झुगारलेल्या आयफोनवर चालत असे. २००९ मध्येच त्याने असा सर्व्हर उभा केला की एकदा तुमच्या फोनचा क्रमांक तिथे नोंदला की पुढच्या प्रत्येक आवृत्तीची पावती तो सर्व्हरच तुमच्यासाठी मागून ठेवायचा. नोंदणीच्या बटणावर ‘माझे आयुष्य सोपे करा’ अशा अर्थाचे शब्द होते, आणि लाखो लोकांसाठी ते खरेही होते. पुढे टायनीअम्ब्रेला आले. २०१६-१७ च्या सुमारास ‘टिमस्टार’ या नावाने लिहिणाऱ्या संशोधकाची टीएसएसचेकर व फ्यूचररिस्टोअर ही साधने आली. त्यातले पहिले पावती मागते, दुसरे ती वापरून जुनी आवृत्ती बसवते. ज्यांना काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करणे नको वाटते त्यांच्यासाठी ब्लॉबसेव्हर आहे. ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालते, फुकट आहे, आणि पाठीमागे गुपचूप चालत राहून ठरावीक वेळाने पावत्या गोळा करते.

यंत्र करते ते काम दिसायला अगदी साधे आहे. सध्या कोणत्या आवृत्तीवर सह्या चालू आहेत ते पाहायचे. आपल्या फोल्डरमध्ये तिची पावती आहे का ते पाहायचे. नसेल तर मागायची आणि ठेवून द्यायची. खरी गोम पुढे आहे.

पहिली गोम विजेची आहे. मोठ्या शहरात संगणक रात्रंदिवस चालू ठेवता येतो. नांदूरघाटसारख्या ठिकाणी वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि दुकानदार रात्री मेन स्विच पाडूनच घरी जातो. ‘दर रविवारी पहाटे तीन वाजता’ असे वेळापत्रक लावले तर ते काम कधीच होणार नाही आणि कुणाला कळणारही नाही. खिडकी आठवड्याची असेल तर तपासणी रोज हवी, आणि संगणक चालू झाला की राहिलेली तपासणी आधी झाली पाहिजे. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, राहून गेलेले काम संधी मिळताच चालवण्याची एक खूण असते. बहुतेक जण ती करायला विसरतात.

दुसरी गोम जास्त घातक आहे. सर्व्हरने ‘नाही’ म्हटले तरी काहीतरी उत्तर येतेच. घाईत लिहिलेली स्क्रिप्ट ते नकाराचे उत्तरच पावती म्हणून जपून ठेवते. फोल्डर भरलेला दिसतो, फायलींना नावे व्यवस्थित, तारखा बरोबर, आणि वेळ आली की आत नुसते नकार निघतात. प्रस्तुत लेखकाने एका कार्यालयातील बॅकअपची अशीच गत पाहिली आहे. तिथे आठ महिने रोज रात्री शून्य आकाराची फाइल न चुकता जपली जात होती. म्हणून पावती आल्यावर ती फोडून, सही आणि फोनचा क्रमांक जुळतो का हे तपासणारा टप्पा यंत्रातच हवा, आणि जुळत नसेल तर यंत्राने ओरडले पाहिजे. गप्प बसणारी स्वयंचलित व्यवस्था ही नसलेल्या व्यवस्थेपेक्षा वाईट, कारण ती आपल्याला निर्धास्त करते.

फायलीच्या नावात मॉडेल, ईसीआयडी, आवृत्ती आणि नॉन्स हे सगळे असावे. पाच वर्षांनी ‘नवीन फोल्डर (३)’ मधून काही सापडत नाही. एक प्रत संगणकावर आणि एक पेन ड्राइव्हवर किंवा ऑनलाइन. पावती काही किलोबाइटची असते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमधून तिचा हिशेबही लागत नाही. मूळ फर्मवेअरची फाइल मात्र कित्येक जीबीची असते. ती नंतर उतरवता येते. पावती नंतर मिळत नाही.

आणि या सगळ्यात बीड जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत कामाची गोष्ट ही की पावती मागताना फोन समोर असावा लागत नाही. दिवाळीच्या सुमारास इथून माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती चार-सहा महिन्यांनी परततात. तेवढ्या काळात दोन-तीन आवृत्त्या येऊन खिडक्या बंदही झालेल्या असतात. पण फोन कोल्हापूरच्या फडात असला तरी त्याचा ईसीआयडी आणि मॉडेल गावातल्या संगणकात नोंदलेले असेल तर पावती गावात जमा होत राहते. २०१८ च्या आयफोन एक्सआर व एक्सएसपासून पुढच्या फोनमध्ये नॉन्स त्या चिपशीच बांधलेला आहे. तिथे एकदा तरी फोन संगणकाला जोडून त्याची जोडी वाचून घ्यावी लागते.

पावती आहे म्हणजे काम फत्ते?

नाही. हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण यूट्यूबवर याच्या उलट सांगणारे पुष्कळ आहेत.

आयफोनमध्ये पासवर्ड, बोटाचे ठसे आणि चेहऱ्याची ओळख सांभाळणारा एक वेगळा भाग असतो, त्याला सिक्युअर एन्क्लेव्ह म्हणतात. त्याचे स्वतःचे फर्मवेअर आहे आणि त्याची जुनी पावती पुन्हा वापरता येत नाही. जुनी प्रणाली बसवताना हा भाग मात्र सध्या सही चालू असलेल्या आवृत्तीचाच घ्यावा लागतो. दोघांचे पटले तर ठीक. अंतर फार असेल तर पटत नाही, आणि हाती पावती असून गाडी काट्यावरून परत येते. २०२२ मध्ये आयओएस १६ बरोबर अ‍ॅपलने प्रणालीचा आणखी एक भाग वेगळ्या पावतीखाली नेला आणि नव्या फोनवर हा मार्ग जवळपास बंदच झाला. आज पावत्या खऱ्या अर्थाने उपयोगी आहेत त्या २०१७ च्या आयफोन एक्सपर्यंतच्या जुन्या फोनना. त्यांच्या चिपमध्ये सप्टेंबर २०१९ मध्ये ‘चेकमेट’ नावाचा दोष उघड झाला. तो कारखान्यात कोरलेल्या भागातच असल्याने कंपनीला अपडेट देऊन तो बुजवता येत नाही.

आणखी एक. ही पावती म्हणजे तुमच्या फोटोंचा किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप नव्हे. जुनी आवृत्ती भरताना फोन सहसा पूर्ण पुसला जातो, आणि नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुनीवर भरता येत नाही. चोरीचा किंवा दुसऱ्याच्या खात्याला बांधलेला फोन पावतीने उघडतही नाही. तसे कुणी सांगत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

कंपनीची बाजू काय?

ती पोकळ नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयओएस १४.८ घाईघाईने दिले ते टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅबने उघडकीस आणलेले एक छिद्र बुजवण्यासाठी. पेगॅसस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर त्या छिद्रातून, फोनधारकाने कशावरही बोट न ठेवता, आत शिरत होते. अशा वेळी ज्याच्या हाती फोन पडेल त्याला तो जुन्या, सच्छिद्र आवृत्तीवर नेता आला तर सुरक्षेचा अर्थच उरत नाही. बहुसंख्य लोकांनी नव्या आवृत्तीवर असणे हे सगळ्यांच्याच हिताचे आहे, यात वाद नाही.

वाद आहे तो ‘सगळ्यांनी’ आणि ‘सक्तीने’ या दोन शब्दांशी. मालकाने स्वतःचा पासवर्ड घालून, फोन पूर्ण पुसून, ‘ही आवृत्ती असुरक्षित आहे’ ही सूचना वाचून मागे जायचे ठरवले तर चोराला किंवा हेराला त्यातून काय मिळणार? फोनमध्ये माहितीच उरलेली नसते. असा पर्याय देणे अ‍ॅपलला अवघड नाही. मॅक संगणकांवर सुरक्षेची पातळी मालकाच्या संमतीने कमी करून जुनी आवृत्ती चालवण्याची सोय ही कंपनी स्वतःच देते. तेच घर, तीच चिप बनवणारी माणसे. संगणकाचा मालक सज्ञान आणि फोनचा मालक अज्ञान, असा भेद करण्याचे कारण सुरक्षेत सापडत नाही.

अँड्रॉइडवाल्यांनी निर्धास्त राहावे का?

नांदूरघाटच्या बाजारात दहा फोन पाहिले तर त्यातले बहुतेक अँड्रॉइडच निघतील. तिथे पावतीची भानगड नाही, पण कुलूप आहेच. चिपमध्ये एक आकडा ठेवलेला असतो. नवी आवृत्ती तो वाढवते आणि त्याहून कमी आकड्याची आवृत्ती फोन स्वीकारत नाही. वीजमीटरसारखा हा आकडा पुढेच जातो, मागे येत नाही. शाओमीने २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रोवर ही व्यवस्था आणली तेव्हा नेहमीच्या सवयीने जुनी आवृत्ती भरायला गेलेल्या अनेकांचे फोन कायमचे बंद पडले. ऑगस्ट २०२२ मध्ये पिक्सेल ६ वर अँड्रॉइड १३ चढवल्यावर १२ वर परतण्याची वाट गूगलने बंद केली. जानेवारी २०२५ मध्ये तर पिक्सेल ४ए या भारतातही विकल्या गेलेल्या फोनच्या बॅटरीची क्षमता कमी करणारे अपडेट आपोआप गेले, आणि जुन्या आवृत्तीच्या फायली कंपनीने संकेतस्थळावरून काढून टाकल्या. इथे आधीपासून जपून ठेवण्यासारखे काही असेल तर त्या फायलीच. आणि आकडा एकदा वाढल्यावर त्याही कुचकामी.

गावात याची झळ कशी बसते? १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून ई-पीक पाहणी नोंदवायची आहे. तिला मुदत असते. त्या मुदतीत फोन गरम होऊन बंद पडू लागला तर सातबाऱ्यावर पीक लागत नाही, आणि पुढे नुकसानभरपाईच्या वेळी अडचण होते. त्याच वर्षी, त्याच ऑगस्टमध्ये राज्यभरातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन सरकारला परत केले होते, ते आंदोलन अनेकांना आठवत असेल. फोन दोन जीबी रॅमचे, २०१९ मधले. त्यावर ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे अ‍ॅप चालवायचे होते. फोन तापत, अडकत, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येई. जुन्या अ‍ॅपकडे परत जाण्याचा मार्ग तिथेही नव्हता. तो अ‍ॅपचा प्रश्न होता, फर्मवेअरचा नव्हे. पण दुखणे तेच : यंत्र आहे तेवढेच राहते, वरचा भार कुणीतरी दुसराच ठरवतो आणि भुर्दंड हातात फोन असणारा भरतो.

कायदा कुणाच्या बाजूने?

युरोपात या प्रश्नाला दंडाचे रूप मिळाले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने अपडेटमुळे फोन मंदावल्याबद्दल अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोचा दंड ठोठावला. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने अ‍ॅपलला २.५ कोटी युरोचा दंड केला. जुनी बॅटरी असलेले आयफोन आयओएस १०.२.१ आणि ११.२ मुळे हळू होतील हे ग्राहकांना सांगितले नाही, हा ठपका. फ्रान्सच्या ग्राहक खात्याने तेव्हा एक गोष्ट नेमकी टिपली होती : ग्राहकांना मागच्या आवृत्तीवर परतता येत नव्हते, म्हणून अनेकांना बॅटरी बदलावी लागली किंवा नवा फोनच घ्यावा लागला. या लेखाचा सगळा विषय त्या एका निरीक्षणात आहे.

भारतात जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, आयओएस १८ नंतर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारींवरून अ‍ॅपलला नोटीस बजावली. ग्राहक व्यवहारमंत्री प्रल्हाद जोशी यांनीच ते जाहीर केले. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू झाले होते. मोबाइलसारख्या वस्तू दुरुस्त करायला किती सोप्या आहेत याचे गुण विक्रीच्या वेळीच खोक्यावर दिसावेत, यासाठी नेमलेल्या समितीनेही मे २०२५ मध्ये अहवाल दिला. सुटे भाग, हत्यारे, दुरुस्तीची माहिती यांसोबत सॉफ्टवेअर अपडेटलाही त्यात स्थान आहे. ते स्वागतार्हच. पण अपडेट किती वर्षे मिळेल हे जसे मोजायचे, तसे ते अंगलट आले तर मागे येता येईल का, हेही मोजले गेले पाहिजे. निदान नव्या आवृत्तीनंतर सहा महिने मागच्या आवृत्तीवर सही चालू ठेवावी आणि फोनला अपडेट मिळणे थांबले की त्याच्या सर्व आवृत्त्यांवरची बंदी उठवावी, एवढी अट घालायला सरकारला कोणतेही नवे तंत्रज्ञान लागणार नाही. सहा महिने म्हणजे ऊसतोडीचा एक हंगाम. कामावरून परतलेल्या माणसाला निदान तक्रार करण्याइतका वेळ मिळेल.

तोवर ज्याचा फोन अपडेटने बिघडला त्याने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख सांगून. जानेवारी २०२५ ची नोटीस अशाच फोनमुळे निघाली होती. बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. फोन पुण्यात किंवा ऑनलाइन घेतला असला तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

आणि घरात आयफोन एक्स किंवा त्याआधीचा फोन असेल तर आजच त्याचा क्रमांक काढून ठेवायला हरकत नाही. फोन संगणकाला जोडा, आयट्यून्समध्ये किंवा मॅकच्या फाइंडरमध्ये त्याचे पान उघडा आणि सीरियल नंबरवर क्लिक करीत राहा. एक-दोन क्लिकनंतर तिथे ईसीआयडी दिसू लागतो. तो आणि मॉडेल ब्लॉबसेव्हरमध्ये एकदा भरले की पुढचे काम ते करते. गावातल्या दुकानदाराने गिऱ्हाइकांसाठी हे करायचे ठरवले तर संमती घेऊन करावे आणि ती यादी अनोळखी संकेतस्थळांवर चढवू नये. पावतीत फोटो किंवा फोन नंबर नसले तरी ईसीआयडी ही त्या फोनची कायमची ओळख आहे.